पाणाड्याला माहीत होतं का?

आमच्या शेतातल्या पहिल्या बोअरला पाणी कुणामुळं लागलं यावरून आमच्या घरात तीस वर्षांपासून वाद चालू आहे. म्हणजे वाद मी एकटाच घालतो, बाकीच्यांना उत्तर माहीत आहे.

१९९४ चा मे महिना. आमचं गाव अमळनेर आणि पारोळ्याच्या मधलं, मे मध्ये तिथं काय ऊन असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, शेजारच्या गावातून पाणाड्या, म्हणजे जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा, बोलावला. बारकासा माणूस, डोक्याला टोपी, पायात टायरच्या चपला आणि हातात सोललेला नारळ. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधानं चालायला लागला आणि आम्ही पोरं मागं. अर्धा तास काही झालं नाही. मग निंबाजवळच्या कोपऱ्यात नारळ हळूच उभा राहिला, शेंडी वर करून. मी अगदी जवळ होतो, मनगट बघत होतो त्याचं, हललं नाही. निदान मला हलताना दिसलं नाही. त्यानं टाचेनं माती उकरून खूण केली, वर एक दगड ठेवला, म्हणाला दीडशे फुटावर दोन इंच. पैसे घेतले, चहा घेतला, गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोअरची गाडी आली, ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानं आधी दगडाकडं नाही, वर बघितलं. दगडाच्या बरोबर वरून लाईटच्या तारा. मशीन उभी केली तर तारांना टेकेल, मी नाही मारत इथं, म्हणाला. अण्णांचं आणि त्याचं बराच वेळ चाललं, तोवर अंधार पडत आला, गाडीचं भाडं तर चढतच होतं, शेवटी जिथं गाडी वळू शकत होती आणि जमीन जरा सपाट होती तिथं बोअर मारला. दगडापासून चाळीस पावलं. मी दुसऱ्या दिवशी मोजली म्हणून माहीत, पोराच्या पायाची चाळीस. एकशे साठ फुटावर पाणी लागलं. चिखलाचा फवारा उडाला, सगळे भिजले, आईनं गाडीवाल्यांना शेवभाजी-भाकर खाऊ घातली.

अण्णांनी गावभर सांगितलं की पाणाड्याला माहीत होतं.

ती चाळीस पावलं कुणीच मोजली नाहीत, आणि मी सांगितली तर मला शेंबूड पुसायला सांगितलं.

पुढं कॉलेजात मी बीएला तत्त्वज्ञान घेतलं. खरं कारण सांगतो, त्या विषयाला मुलं कमी होती आणि सर नापास करत नाहीत अशी ख्याती होती. तर एक दिवस सर प्रमाणशास्त्र शिकवत होते, ज्ञान कशाला म्हणायचं वगैरे, मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. आठव्या शतकात धर्मोत्तर नावाचा बौद्ध पंडित होऊन गेला, त्याची गोष्ट. वाळवंटात एक वाटसरू तहानलेला. लांब खोलगट जागेत त्याला पाणी चमकताना दिसतं. ते मृगजळ असतं. पण हा तिथं पोचतो आणि नेमकं त्याच ठिकाणी, एका खडकाखाली, खरंच पाणी असतं. आता बोला, लांबून बघताना त्याला तिथं पाणी आहे हे माहीत होतं का?

मी खिडकीतून मान आत घेतली. कारण हा तर आमचा बोअर.

नीट बघा. पाणी आहे असं त्याला वाटत होतं. पाणी खरंच होतं. वाटायला कारणही होतं, डोळ्यानं दिसत होतं की. तिन्ही गोष्टी जागेवर आहेत, आणि तरी माहीत होतं म्हणायला जीभ वळत नाही, कारण जे दिसलं त्याचा आणि जे होतं त्याचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. सरांनी मग सांगितलं की हीच अडचण १९६३ साली एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं तीन पानांच्या लेखात मांडली आणि तिकडं एवढी खळबळ उडाली की त्या तीन पानांना उत्तर देण्यात लोकांची आयुष्यं गेली. ज्ञान म्हणजे खरी असलेली आणि सकारण धरलेली समजूत, ही जुनी व्याख्या होती, ती त्यानं फोडली. धर्मोत्तराला बाराशे वर्षं आधीच हे दिसलं होतं. आमच्याकडं सगळं आधीच होतं असं छाती फुगवून सांगणाऱ्यांतला मी नाही, पण हे मात्र होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी अण्णांना वाटसरूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, पाणी लागलं ना? लागलं. मंग?

या 'मंग'चं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर नावाची संस्था आहे, बऱ्याच जळगावकरांनाही ती नीट माहीत नसते. १९१६ साली प्रताप शेठांनी काढली, मिलवाले प्रताप शेठ. गिरणीमालकानं धर्मशाळा बांधावी, शाळा काढावी हे समजू शकतं. पण कापसाच्या गावात, जग खरं आहे का आणि ते आपल्याला कळतं कसं यावर विचार करायला माणसं आणून बसवायची, त्यांची राहण्याखाण्याची सोय करायची, हे डोक्यात कसं आलं असेल त्या माणसाच्या कोण जाणे. आणि माणसं आलीही. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथं येऊन राहिले, जी. आर. मलकानी तर कितीतरी वर्षं होते. साने गुरुजीही अमळनेरच्या शाळेत लागायच्या आधी या मंदिरात अभ्यासाला होते.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. बाजाराला गेलो की त्या बाजूनं जाताना ती पदर सारखा करून हात जोडायची. मी एकदा विचारलं, कोणत्या देवाचं मंदिर आहे हे? ती म्हणाली, "जो व्हई तो."

मला वाटतं आत बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी हे उत्तर वहीत लिहून घेतलं असतं.

तर याच संस्थेतल्या तिघांनी, मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती, १९३३ साली मिळून एक पुस्तक काढलं, विषय काय तर अज्ञान. नावही तेच. ज्ञानावर पुस्तकं ढिगानं आहेत, पण अज्ञान म्हणजे नक्की काय यावर तिघं जण अख्खं पुस्तक भांडतात हे कळलं तेव्हा आधी मला हसू आलं. मग त्यातला मुद्दा समजला आणि हसू थांबलं. अद्वैतवाले म्हणतात अज्ञान भावरूप आहे. म्हणजे अज्ञान म्हणजे नुसती ज्ञानाची रिकामी जागा नव्हे, डब्यात डाळ नाही तसं नव्हे, तर डब्यात दुसरंच काहीतरी भरलेलं आहे. दोरी न दिसणं एवढंच नाही होत, तिथं साप दिसतो. आणि तो साप बघणाऱ्याला कधीच असं वाटत नाही की आपल्याला काहीतरी माहीत नाही, त्याला वाटतं आपल्याला चांगलंच माहीत आहे, म्हणून तर तो काठी आणायला पळतो.

हे एकदा डोक्यात बसलं की उठसूट दिसायला लागतं.

आता माझंच बघा. माझी जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गात एकोणचाळीस पोरं होती त्यातली चौदा-पंधरा १ जूनला जन्मलेली. मास्तरांनी शाळेत नाव घालताना वयाचा अंदाज घेतला आणि शाळा सुरू व्हायच्या हिशोबानं तारीख टाकून दिली, खेड्यापाड्यात सगळीकडं हेच. आई म्हणते मी गहू काढायच्या दिवसांत झालो. म्हणजे मार्चच्या आसपास. आजी म्हणायची त्या वर्षी गहूच नव्हता पेरला आपण, हरभरा होता. पण आधारवर १ जून आहे, पॅनवर आहे, लायसनवर आहे, बँकेचा शुभेच्छांचा मेसेज १ जूनला येतो, बायको शिरा करते, आणि खरं सांगू, मलासुद्धा त्या दिवशी सकाळी उठल्यावर आज आपला वाढदिवस आहे असं आतून वाटतं. मी जन्मलो तेव्हा मी तिथं हजर होतो, माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोण, पण त्या साक्षीदाराचा उपयोग शून्य.

न्यायदर्शनवाल्यांनी ज्ञान मिळायचे चार मार्ग, म्हणजे चार प्रमाणं, सांगितलीत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्यावरून कळणं. चार्वाक म्हणायचे आम्ही फक्त प्रत्यक्ष मानतो. तरुणपणी चार्वाक सगळ्यांनाच भारी वाटतात, मलाही वाटायचे, पण एक दिवस रिकामपणी हिशोब केला की मला जे जे माहीत आहे त्यातलं मी स्वतः डोळ्यानं किती बघितलंय. लंडन नाही बघितलं. माझं हृदय नाही बघितलं. पणजोबा नाही बघितले. पृथ्वी गोल आहे हेही नाही बघितलं, मला तर आमचं शेत सपाटच दिसतं. चाळीसगावजवळच्या पाटणला यादवांच्या काळातला एक शिलालेख आहे, १२०७ चा, भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. (हा ज्योतिषी चांगदेव. मुक्ताईनगरकडचा योगी चांगदेव वेगळा, आमच्याकडं लोक दोघांची खिचडी करतात.) त्या आजोबांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय की गोलाच्या परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी प्रचंड मोठी आहे आणि तिच्या पाठीवरचा माणूस अगदीच बारका, म्हणून त्याला ती सपाट दिसते. हे मला फार आवडतं. डोळे खोटं बोलतात असं नाही म्हटलेलं त्यात. डोळे त्यांच्या मापानं बरोबरच सांगतायत, माप लहान आहे. पण ते मला कळलं कसं? शब्दानंच. कुणीतरी सांगितलं, मी मानलं. चार्वाकाला विचारलं असतं तर त्याला स्वतःचा वाढदिवससुद्धा साजरा करता आला नसता.

पोटापाण्याला मी जळगावात चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवायची आणि काचा बदलत विचारायचं, हे बरं की हे? आता? परत बघा, हे की हे? बाहेरून सोपं दिसतं. पण त्या खुर्चीत बसलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा घामाघूम होतो, आपलं उत्तर चुकलं तर चुकीचा चष्मा लागेल म्हणून, आणि बरेच जण माझ्या तोंडाकडं बघून उत्तर देतात, मी जरा मान हलवली की तीच काच बरी. कॉम्प्युटर मशीन नंबर काढून देतं, चिठ्ठी बाहेर येते. मशीन म्हणतं सव्वा, गिऱ्हाईक म्हणतं नाही हो, एकच बरा वाटतो, सव्वानं जमीन वर आल्यासारखी वाटते. अशा वेळी मी गिऱ्हाइकाचं ऐकतो. कारण त्याच्या डोळ्यामागं जाऊन मला बघता येत नाही, कुणालाच येत नाही, तिथं काय दिसतंय याची खबर आणणारा तो एकटाच. प्रत्यक्ष प्रत्यक्ष म्हणतात ते मला दुकानात नेहमी दुसऱ्याच्या शब्दातूनच मिळतं.

आणि तो एकटाही चुकू शकतो, हे मला आजीनं दाखवलं.

आजीचा मोतीबिंदू उशिरा काढला, ऐंशीच्या घरात होती. पट्टी निघाली, घरी आली, दोन दिवसांनी तिनं तिची पत्र्याची पेटी उघडली आणि आरडाओरडा सुरू. पेटीतलं तिचं एक लुगडं हातात धरून आईला म्हणते, "हाई कोनं शे? मन्हं लुगडं कथं गयं?" आई म्हणाली तुमचंच आहे. आजी म्हणाली माझं हिरवं होतं, हे निळं आहे, मी दवाखान्यात असताना कुणी बदललं? गंमत अशी की ते लुगडं निळंच होतं, आम्हा सगळ्यांना कायम निळंच दिसायचं, आणि गेली कित्येक वर्षं आई त्याला निळं म्हणाली की आजी तिला सुनावायची, "तुले रंग समजत नही."

यामागचं कारण मला धंद्यामुळं माहीत होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट पडत जातं, मोतीबिंदूत तर जास्तच, आणि ते निळा उजेड अडवतं. भिंग काढून नवीन बसवलं की निळा रंग एकदम आत येतो. मी आजीला दुकानातून पिवळी काच आणून दाखवली, हिच्यातून बघ. तिनं बघितलं, लुगडं हिरवट झालं. काच बाजूला केली, निळं. परत लावली, हिरवट. असं तिनं किती वेळा केलं मी मोजलं नाही, पण चूल विझली तरी चाललं होतं. मग ती हळू आवाजात म्हणाली की ते घेतलं तेव्हा अमळनेरच्या दुकानात मी स्वतः पसंत केलं होतं, आणि तेव्हाही ते हिरवंच होतं.

इथं मी अडकलो. ते तिनं घेतलं तेव्हा ती जेमतेम चाळिशीची होती, डोळे चांगले, तेव्हा निळंच दिसलं असणार. म्हणजे पुढं डोळा पिवळा पडत गेला आणि त्याच्यासोबत आठवणही पिवळी पडत गेली, मागे जाऊन दुकानातलं लुगडंसुद्धा हिरवं करून आली. मधल्या एकाही दिवशी तिला 'अरे, रंग बदलला' असं वाटलं नाही. भावरूप अज्ञान म्हणतात ते याच्यापेक्षा जवळून मी कधी बघितलं नाही, पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं, डांबराच्या गोळ्यांसकट.

माझ्याही डोळ्यातलं भिंग आता पंचेचाळीस वर्षांचं झालंय. लहानपणचं आभाळ जास्त निळं होतं असं मला वाटतं, लोक म्हणतात प्रदूषण. असेलही.

ते लुगडं खरं कोणत्या रंगाचं, हा प्रश्न मी एकदा दुकानातल्या पोराला विचारला, तो म्हणाला भाऊ, मधमाशीला विचारा, तिला आपल्याला न दिसणारे रंगपण दिसतात, यूट्यूबवर होतं. बरोबर आहे त्याचं. पण मग मी म्हणतो निदान पिवळी काच लावली की हिरवट आणि काढली की निळं, हे तरी आजीला, आईला, मला, सगळ्यांना सारखंच घडत होतं ना? मला वाटतं मी जगाला खरं म्हणतो ते असल्या गोष्टींवरून. रंग लुगड्यात आहे की डोळ्यात, ठरवा तुम्ही, पण काच हलवली की काय होणार हे आपल्या मर्जीवर नाही.

माझी मुलगी नववीत आहे, तिनं मध्यंतरी विचारलं, पप्पा, आपण सगळे कुणाच्या तरी कॉम्प्युटर गेममध्ये असलो तर? तिला ते रीलमधून कळलेलं, पण निक बोस्ट्रम नावाच्या तत्त्वज्ञानं २००३ साली हे अगदी गंभीरपणे मांडलंय. मी म्हटलं असू की, पण गेममध्येही उद्या तुझा गणिताचा पेपर आहे. तिला ते उत्तर आवडलं नाही. खरं तर ते शंकराचार्यांच्या परंपरेतलंच उत्तर आहे, व्यवहारातलं खरं एका पायरीवर, अंतिम खरं दुसऱ्या, आणि स्वप्नातलं-भासातलं तिसऱ्या. सगळं जगच खोटं असेल का, या प्रश्नानं माझी झोप कधी उडाली नाही. सगळंच खोटं असेल तर माझं एकट्याचं काही वेगळं नुकसान नाही. छोट्या शंकांनी उडते. हे एक लुगडं, ही एक तारीख, हा एक बोअर.

मे मध्ये धुळ्याच्या रस्त्यानं गाडी चालवली की पुढं डांबरावर पाणी सांडलेलं दिसतं, जवळ गेलं की पुढं सरकतं. तापलेल्या डांबरालगतची हवा विरळ होते, आभाळाकडून येणारा उजेड तिच्यातून वळून डोळ्यात शिरतो, म्हणजे आपण रस्त्यावर आभाळ बघत असतो. हे मला पाठ आहे. तरीही पाणी दिसतंच. वेदान्तात यालाही नाव आहे, दोरीवरचा साप उजेड आणला की जातो, तो निरुपाधिक भ्रम, आणि मृगजळ कळल्यावरही दिसत राहतं, तो सोपाधिक. मला आपलं वाटतं माणसाच्या बऱ्याच समजुती दुसऱ्या जातीच्या असतात. १ जूनची माझी तशीच आहे.

आता अण्णांच्या 'मंग'कडं येतो.

२०१२ ला पाऊस नव्हता आणि २०१३ च्या उन्हाळ्यात पहिला बोअर गुळण्या टाकायला लागला. अण्णांनी साहजिकच त्याच पाणाड्याला बोलावलं. तो म्हातारा झालेला, पण नारळ उभा राहायचा थांबला नव्हता. या वेळी तारांचा प्रश्न नव्हता, जिथं दगड तिथंच बोअर. पहिला दोनशे ऐंशी फूट, धूळ. दुसरा तीनशे, धूळ. तिसऱ्याला मी जळगावहून गेलो होतो. रात्रीचे दहा, मशीनचा आवाज कानात बसलेला, भोकातून पिठासारखी राखाडी भुकटी उडतेय आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. साडेतीनशेला लाल गेरूसारखी माती आली, अण्णा पुढं झाले, मूठभर घेऊन दाबली, हात उघडला, सगळी सांडून गेली. कोरडी. मग परत राखाडी. चारशेला मशीनवाल्यानं विचारलं, थांबू का? अण्णा म्हणाले अजून दहा. मग परत अजून दहा. फुटामागं पैसे लागत होते आणि ते उसने आणलेले होते.

भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टाच्या मताचे, आणि वेदान्ती एक वेगळंच प्रमाण मानतात, अनुपलब्धि. एखादी गोष्ट नाही हे तिच्या न दिसण्यावरून कळणं. टेबलावर घागर नाही हे कसं कळलं, तर दिसली नाही म्हणून. पण त्याला अट आहे, ती असती तर दिसली असती अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही यावरून काही ठरत नाही. कॉलेजात मला हे फालतू वाटलं होतं, पेपरात पाच मार्कांची टीप. त्या रात्री चारशे दहा फुटांवर उभा राहून मी तेच विचार करत होतो. चारशे दहापर्यंत पाणी नाही हे माहीत आहे. चारशे अकराचं काय? आमच्याकडचा खडक म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा, पाणी मिळतं ते त्याच्या झिजलेल्या भागात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात, एका जागी असतं आणि वीस हात सरकलं की नसतं. नाही म्हणायला कुठं थांबायचं? चारशे वीसला अण्णा थांबले. त्यांना पाणी नाही हे कळलं म्हणून नाही, पैसे संपले म्हणून.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो, लारिसा गावाचा रस्ता माहीत असलेला माणूस आणि नुसता अंदाजानं बरोबर रस्ता धरलेला माणूस, दोघंही पोचतात, मग ज्ञानात जास्त काय आहे? हाच अण्णांचा 'मंग'. त्याचं उत्तर असं की नुसती खरी समजूत बांधून न ठेवलेल्या पुतळ्यांसारखी असते, डेडॅलस नावाच्या कारागिराचे पुतळे म्हणे जिवंत असल्यासारखे पळून जायचे. कारणाच्या दोरीनं बांधली की ती टिकते, ते ज्ञान. आमच्याकडं सांगायचं तर दाव्याशिवायचा बैल. आज गोठ्यात आहे, उद्याचं सांगता येत नाही. ९४ ला आमच्या गोठ्यात बैल होता, दावं नव्हतं, आणि आम्ही वीस वर्षं दावं समजून काहीतरी दुसरंच धरून बसलो होतो. त्या दुसऱ्याची किंमत तीन बोअर. फेडायला चार वर्षं लागली, आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

पण पाणाड्यावर अन्याय नको. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत एक आख्खा अध्याय लिहिलाय, जमिनीतलं पाणी कसं ओळखायचं, कोणतं झाड, कुठं वारूळ, कोणत्या दिशेला किती खोल. सगळं आजच्या कसोटीवर उतरतं असं नाही, पण त्यामागं कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन बघितलेली आहे. आमचा निंबाजवळचा कोपरा सखल होता, उन्हाळ्यातही तिथं हरळी हिरवी असायची. त्या म्हाताऱ्याच्या पायांना उतार कळला असेल, डोळ्याला हरळी दिसली असेल, आणि हात त्याच्याही नकळत हलला असेल. म्हणजे त्याला माहीत असेलही, पण आपल्याला ते कशामुळं माहीत आहे हे त्याला माहीत नसेल, नारळामुळं असं वाटत असेल. असं असेल तर चाळीस पावलांचा माझा सगळा वादच लंगडा पडतो, कारण सखल कोपरा चाळीस पावलांपेक्षा मोठा होता. हे मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

२०२४ च्या मे मध्ये नवीन बोअर मारायचं ठरलं. या वेळी मी आणि दादानं हट्ट धरून मशीनवाला सर्व्हेअर आणला. त्यानं सरळ रेषेत चार खुंट्या रोवल्या, बाहेरच्या दोघांतून करंट सोडला आणि आतल्या दोघांमध्ये किती व्होल्टेज येतं ते वहीत लिहीत गेला, मग खुंट्या लांब लांब सरकवत नेल्या. ओल्या खडकातून करंट सोपा जातो, कोरड्या कातळातून जात नाही. पण चिकणमातीतूनही सोपा जातो, हे त्यानंच सांगितलं. शेवटी नाल्याच्या बाजूची एक जागा दाखवून म्हणाला, इथं सत्तर टक्के चान्स आहे.

अण्णा खाटेवर बसून हे सगळं बघत होते. म्हणाले, "मंग त्याले बी माहीत नही ना?"

मी समजावायला गेलो की अण्णा, खाली पाणी एकतर आहे किंवा नाही, सत्तर टक्के पाणी असं काही नसतं, सत्तर टक्के हे आपल्याबद्दल आहे, आपण किती... आणि मधेच मला ऐकू आलं की मी काय बोलतोय. अण्णा म्हणाले, पाणाड्या असं नव्हता बोलत. तो सांगायचा, आहे.

दोनशे दहा फुटावर पाणी लागलं. दीड इंच. फार नाही, पण केळीला नाही तरी कपाशीला पुरेल. मशीन बंद झाल्यावर एकदम एवढी शांतता झाली की लांबचं कुत्रं ऐकू यायला लागलं. अण्णा काठी टेकत आले, नारळ फोडला, पाणी बोअरवर शिंपडलं, आणि खोबरं काढता काढता सहज म्हणाले, "पाणाड्यानी बी आठेच सांगेल व्हतं."

मी म्हटलं अण्णा, त्यानं निंबाजवळ दाखवलं होतं.

"तो पहिला बोअर. तेरा सालना टाईमले आठे बी दखाडेल व्हतं, आपूनच मारा नही."

मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, असेल पण. तेरा साली मी फक्त तिसऱ्या बोअरला होतो. पाणाड्या वारून सहा वर्षं झाली. अण्णांच्या चेहऱ्यावर बॅटरीचा उजेड होता आणि ते खोटं बोलत नव्हते, तेवढं तर मला दिसत होतं.

त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. जरा खवट होता. मी खाल्ला.